शिकवणाऱ्या हातांनी विकू नये

कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, चिपळूण, रत्नागिरी अशा कोकणातल्या बाजारपेठांच्या गावांत ब्यूटी पार्लर हा बायकांनी बायकांसाठी उभा केलेला व्यवसाय म्हणून आता चांगला रुजला आहे. घरातल्या एका खोलीत आरसा, खुर्ची आणि थ्रेडिंगचा दोरा एवढ्या भांडवलावर सुरुवात करून पुढे नाक्यावर गाळा घेणाऱ्या, दोन-चार मुलींना हाताशी घेऊन त्यांनाही उभे करणाऱ्या स्त्रिया प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. त्यांतल्या काहींनी अलीकडे वेगळी वाट धरली आहे. फेशियल आणि नवरीचा मेकअप मागे ठेवून त्या पाळी, रजोनिवृत्ती, आहार, श्वसन, मनाचे आरोग्य आणि 'स्वतःची ओळख' या विषयांवर बायकांचे वर्ग घेऊ लागल्या आहेत. मोठ्या शहरांत सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय उभारलेल्या उद्योजिकांनी हा प्रवास आधीच केला आहे. आता तो आपल्या किनाऱ्यावर आला आहे. या शिक्षिकेला समाजाने आणि शासनाने कोणती जागा द्यावी, हा प्रश्न वरवर लहान वाटतो, पण त्याच्याशी गावोगावच्या हजारो बायकांचे आरोग्य बांधलेले आहे. माझे मत असे की तिला शिक्षिकेची जागा मोकळ्या मनाने द्यावी. मात्र ज्या दिवशी ती शिकवायला उभी राहते, त्या दिवसापासून त्याच विषयातली कोणतीही वस्तू विकण्याचा हक्क तिने सोडावा.

आधी तिची योग्यता पाहू, कारण तिच्याविषयी बोलताना शिकलेली मंडळी सहसा तिथेच नाक मुरडतात. स्त्रीच्या शरीराकडे इतक्या जवळून, इतका वेळ आणि इतक्या नियमितपणे पाहणारे दुसरे कोण गावात असते? हनुवटीवर पुन्हा पुन्हा वाढणारे राठ केस, घासूनही न जाणारा मानेमागचा काळेपणा, रुंद होत चाललेला भांग, गालांवरचे वांग, फिकट पडलेली नखे हे सारे डॉक्टरच्या आधी तिच्या नजरेला पडते. राठ केस आणि महिनोन्महिने लांबणारी पाळी एकत्र दिसली तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांशी निगडित विकाराची, शंका घ्यायला हवी. मानेवरची काळसर, जाडसर त्वचा ही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची, म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची खूण असू शकते. केस मुठीमुठीने गळत असतील तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासावे लागते. पार्लरमध्ये या खुणा आजवर झाकल्या गेल्या, कारण झाकण्याचेच पैसे मिळत होते. त्याच खुणा वाचायला शिकवणारी स्त्री त्याच खुर्चीशेजारून उभी राहत असेल, तर तिच्याइतकी मोक्याच्या जागी असलेली शिक्षिका शोधूनही सापडणार नाही.

कोकणातल्या कामाच्या खुणाही तिच्यापाशीच येतात. लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलपाण्यात उभे राहून बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. काजूच्या कारखान्यात टरफलातल्या तेलाने हातांची कातडी भाजते, सोलते आणि काळी पडते. घरात लग्न आले की अशी बाई हात उजळवून घ्यायला पार्लरमध्ये येते. तिथे तिला ब्लीच लावून पाठवता येते किंवा कारखान्यात हातमोजे मिळतात का, मिळत नसतील तर मुकादमाकडे ते मागायचे कसे, जखम झालेल्या हातावर ब्लीच का लावू नये, हे तिला समजावून सांगता येते. त्वचेबद्दलचे ज्ञान दोन्ही ठिकाणी तेच असते. दुसऱ्या वेळी ते बाईच्या बाजूने वापरले जाते.

यात भर पडते ती विश्वासाची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. मुंबईला नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांचा हा मुलूख आहे आणि घर, शेती, म्हातारी माणसे, मुलांची शाळा हे सारे मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर असते. तिला स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायला निवांत जागा नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रांग असते आणि रांगेत ओळखीची माणसे असतात. घरात सासू असते. पार्लरमध्ये अर्धा तास एक बाई तिच्या चेहऱ्यावर हात फिरवत बसलेली असते, आसपास पुरुष नसतो आणि डोळे मिटलेले असतात. अशा वेळी जे नवऱ्याशी किंवा डॉक्टरशी बोलले गेले नाही ते बाहेर पडते. अंगावरून जाणारे पांढरे पाणी, खोकताना कपड्यात होणारी लघवी, संबंधांच्या वेळचे दुखणे, बाळंतपणानंतर महिनाभर येत राहिलेले रडू, हे सारे ऐकलेली स्त्री पुढे वर्ग घेते तेव्हा तिला विषय पुस्तकातून शोधावे लागत नाहीत.

ती डॉक्टर नाही, हा आक्षेप खरा आहे, पण त्यावरून तिने शिकवू नये हा निष्कर्ष निघत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ साली दापोलीजवळच्या मुरूडचा. ते गणिताचे प्राध्यापक होते, वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी नोकरी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले अंगावर आले. त्यांतल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. पदवी नसलेल्या माणसाला शरीराविषयी शिकवण्याचा अधिकार कुठून येतो, याचे उत्तर कर्व्यांच्या कामात आहे. जगभरचे वैद्यकीय लेखन वाचायचे, कळले ते साध्या भाषेत सांगायचे, विचारलेल्या प्रश्नाला न लाजता उत्तर द्यायचे आणि जे पुराव्याला टिकत नाही ते कोणाच्याही भिडेखातर खरे म्हणायचे नाही, या शिस्तीतून तो अधिकार मिळतो. कर्व्यांनी संततिनियमनाची साधनेही लोकांपर्यंत पोचवली, हे कोणी दाखवून देईल, आणि ते बरोबरच आहे. पण त्या काळी ती साधने सामान्य माणसाला सहजी मिळत नव्हती. ज्ञान देऊन साधन न देणे म्हणजे अर्धीच मदत झाली असती. आज लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात, आशाताई घरपोच देतात. आजच्या शिक्षिकेला काही विकण्याची गरज ज्ञानाच्या बाजूने उरलेली नाही. ती गरज निर्माण होते व्यवसायाच्या बाजूने.

सौंदर्याच्या व्यवसायाने आपल्याला गेली पन्नास वर्षे काय दिले, हे इथे स्पष्ट बोलायला हवे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली तिचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. मधल्या काळात सावळ्या मुलींच्या दोन पिढ्या आरशासमोर स्वतःला नापसंत करत मोठ्या झाल्या. कोकणातल्या दमट, खारट उन्हात मासळीची टोपली घेऊन फिरणाऱ्या किंवा आंब्याच्या बागेत राबणाऱ्या बाईची त्वचा सावळीच असणार, पण तिच्या मुलीचे स्थळ मात्र गोरेपणावर अडते. या दुखऱ्या जागेवर बाजाराने आपले दुकान मांडले. नावाजलेल्या कंपन्यांच्या पलीकडे, नाव-पत्ता नसलेल्या डब्यांतून 'पार्लर स्पेशल' म्हणून मिळणाऱ्या क्रीमची कथा तर अधिक गंभीर आहे. अशा क्रीममध्ये पारा सापडतो; तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. केरळातल्या डॉक्टरांनी गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण अलीकडेच नोंदवले आहेत. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडता इतरांत अजाणता राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी कडक आहे. दुसरा धोका स्टेरॉईडच्या मलमांचा. चार दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून बाई खूश होते. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात, आणि मलम बंद करताच चेहरा पेटून उठतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, तरी ती औषधांच्या दुकानांतून आणि पार्लरच्या खणांतून बायकांच्या हाती पडतच आहेत.

विश्वास हा दुधारी असतो, तो इथे. ज्या हातावर भरवसा ठेवून बाई मनातले बोलते, त्याच हाताने दिलेली डबी ती काही न विचारता चेहऱ्याला लावते. त्यामुळे ही स्त्री शिक्षिका होते तेव्हा तिचे पहिले कर्तव्य हे की आपल्या जुन्या व्यवसायाबद्दल आपल्या विद्यार्थिनींशी स्वच्छ बोलावे. कोणत्या वस्तू निरुपयोगी होत्या, कोणत्या घातक होत्या, कोणत्या उपचाराचे पैसे केवळ बाईच्या न्यूनगंडाचे होते, हे तिच्याइतके आतून दुसरे कोणीच सांगू शकत नाही. ज्या वर्गात हा भाग नाही आणि एकदम 'आतल्या सौंदर्या'ची भाषा सुरू होते, तिथे मला काळजी वाटते. कारण बाजाराची रीत तीच राहून केवळ माल बदललेला असू शकतो. पूर्वी सांगितले जायचे, तुझा रंग कमी आहे, ही डबी घे. आता सांगितले जाते, तुझ्यातली ऊर्जा कमी आहे, तुझे हार्मोन बिघडले आहेत, तुझ्या शरीरात विषारी द्रव्ये साठली आहेत, ही पावडर घे, हा काढा घे, एकवीस दिवसांचा हा कार्यक्रम घे. आधी उणीव दाखवायची आणि मग ती भरून काढण्याची वस्तू पुढे करायची, हा क्रम कायम आहे. निरोगी माणसाचे यकृत आणि मूत्रपिंडे शरीर स्वच्छ ठेवण्याचे काम रोज करतात, त्यासाठी पाकीट विकत घ्यावे लागत नाही, ही शाळेत शिकवलेली गोष्ट अशा वर्गात कोणी उच्चारत नाही, कारण ती उच्चारली की पाकीट खपत नाही.

याविषयी कायदा नवा करण्याची गरज नाही. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे, आणि स्त्रियांच्या पाळीचे विकार दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात त्यात नाव घेऊन निषिद्ध आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने आरोग्य आणि वेलनेस या विषयांवर समाजमाध्यमांतून सल्ला देणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपण वैद्यकीय व्यावसायिक असल्याचे भासवून बोलणाऱ्याने आपला सल्ला डॉक्टरच्या सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट सांगणे त्यांत अपेक्षित आहे. 'पाळी नियमित करणारा काढा' अशी पाटी ज्या वर्गाच्या दारात लागते, तिथे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाने जायला हवे. मात्र 'वेलनेस'च्या प्रत्येक शिक्षिकेसाठी परवाना काढावा, असे सुचवणाऱ्यांशी मी सहमत नाही. परवान्याने ज्ञान तपासले जात नाही, भिंतीवर लावायला कागद मिळतो. आणि त्या कागदाच्या जोरावर पावडर अधिक सहज खपते.

फी घेण्याला माझा विरोध नाही, हे मुद्दाम सांगतो. शिकवणे हे श्रमाचे काम आहे आणि बायकांनी बायकांसाठी केलेले काम सेवाभावाच्या नावाखाली फुकटात मागण्याची आपली सवय जुनी आहे. पार्लर बंद करून वर्ग घेणाऱ्या बाईचे घर चालले पाहिजे. फी घेणाऱ्या शिक्षिकेचा फायदा विद्यार्थिनीला समजण्यात असतो, कारण समजले तर ती दुसरीला घेऊन येते. वस्तू विकणाऱ्या शिक्षिकेचा फायदा विद्यार्थिनीला अर्धवट समजण्यात असतो, कारण पूर्ण समजले तर ती पुढच्या महिन्याचे पाकीट घेणार नाही. हितसंबंधांचा हा उलटा ओढा चांगल्या माणसालाही हळूहळू फिरवतो. म्हणूनच ही अट व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर सोडता येत नाही.

आता प्रश्न उरतो तो शिकवायचे काय, हा. आणि 'स्वतःची ओळख' हा शब्दप्रयोग ज्या सैलपणे वापरला जातो त्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. दोनातल्या एकीहून अधिक. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. अशी बाई सकाळी उठताना थकलेली असते, जिना चढताना तिला धाप लागते, ती चिडते, तिचे लक्ष लागत नाही, केस गळतात. तिला कोणी सांगितले की तुझ्यात नकारात्मकता साठली आहे, तू स्वतःवर प्रेम करायला शीक, तर तिच्या आजाराचा दोष तिच्याच मनावर ढकलला जातो. तिला स्वतःची ओळख हवी असेल तर ती रक्ताच्या एका थेंबापासून सुरू व्हायला हवी. आपले हिमोग्लोबिन किती, पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस टिकते, किती रक्त जाते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवणारी बाई डॉक्टरपुढे बसते तेव्हा तिच्या बोलण्याला वजन येते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-आवळ्यासारख्या आंबट फळांबरोबर लोह चांगले शोषले जाते, गोळीने शौचास काळे होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, या तीन गोष्टी न सांगितल्यामुळे आणलेल्या गोळ्या किती घरांत फळीवर पडून राहतात! स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहायची नाही; पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते 'उष्णता' म्हणून सोडायचे नाही; तिशीनंतर गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमातच आहे, ती मागून घ्यायची. या ज्ञानाला कोणी कोरडे म्हणेल. मला ते आत्मज्ञानाचा पाया वाटते.

आपल्या परंपरेतही देह टाळून स्वतःला ओळखण्याचा मार्ग बायकांनी धरलेला नाही. चोखोबांच्या सोयराबाईने चौदाव्या शतकात विटाळाचा प्रश्न थेट देहापाशी नेला आणि ज्यातून सारे जन्मतात त्याला अपवित्र कसे म्हणायचे, असे देवालाच विचारले. ज्या वर्गांत आत्म्याच्या गप्पा होतात आणि पाळीच्या चार दिवसांबद्दल मौन असते, त्यांनी तिच्यापासून काही शिकावे.

मनाच्या दुखण्याबाबत ही शिक्षिका अधिक सावध हवी. ऐकून घेणे हा मोठा आधार आहे आणि तो ती देऊ शकते. श्वासाचे साधे व्यायाम, झोपेची शिस्त, आठवड्यातून एकदा चार बायकांनी एकत्र बसून बोलणे याने पुष्कळ जणींना बरे वाटते, हे मी पाहिले आहे. पण बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे टिकून राहिलेली उदासी, जीव नकोसा झाल्याची भाषा, घरातली मारहाण हे सारे श्वासाने सुटणारे प्रश्न नव्हेत. २०२२ च्या ऑक्टोबरपासून 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहिला जावा. आपल्याकडे अशा दुखण्यांना 'बाहेरचे' ठरवून देवस्कीकडे नेण्याची वाट अजून बुजलेली नाही. त्या वाटेवरून बाईला माघारी आणणे हे या शिक्षिकेचे काम आहे. तिथे तिने ऊर्जा आणि कंपनांची नवी भाषा आणली, तर तिने केवळ भगताची जागा घेतली असे होईल.

या शिक्षणाची सर्वांत मोठी कसोटी कोकणात दरवर्षी भाद्रपदात लागते. गणपतीसाठी सारे घर गावी येते, नव्या सुनेचा गौरीचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपे ओवाळण्याचा विधी, असतो, आणि नेमकी तेव्हाच पाळी येणार असते. मग औषधांच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. एकीने आणलेल्या पाकिटातून जाऊ-नणंदाही घेतात. ही नॉरएथिस्टेरोन नावाच्या संप्रेरकाची गोळी आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी ती सुरू करावी लागते. जिच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली आहे, जिचे यकृत बिघडलेले आहे, जिला डोकेदुखीबरोबर डोळ्यांसमोर चकाकी येते, जी गरोदर असण्याची शक्यता आहे, अशा बाईने ती परस्पर घेणे धोक्याचे आहे. लग्नसराईत नवरीलाही हीच गोळी दिली जाते, आणि ही गोष्ट सर्वांत आधी कोणाला कळते तर मेकअपची तारीख ठरवणाऱ्या पार्लरवालीला. ती शिक्षिका झाली असेल तर श्रावणातच वर्ग घेऊन सांगू शकते की गोळी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरला भेटा; आणि त्याहून पुढे जाऊन हेही विचारू शकते की ज्या बाईच्या हातचे पंचवीस माणसांचे जेवण चालते, तिच्या हातची फुले गौरीला का चालू नयेत. हा प्रश्न बाहेरून आलेल्या कार्यकर्तीने विचारला तर घर मिटून घेते. वर्षानुवर्षे त्या घरातल्या तीन पिढ्यांचे केस कापणाऱ्या बाईने विचारला तर निदान सासू ऐकून घेते. उत्तर प्रत्येक घराने आपले आपण द्यावे. गोळीचा धोका मात्र उत्तराची वाट पाहत नाही.

हे सारे कोणासाठी, हाही प्रश्न आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि आज तारकर्लीपासून गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या स्त्रियांसाठी वेलनेसची निवासी शिबिरे भरतात. त्या येतात, समुद्राकडे पाहत दोन दिवस शांत होतात, त्यात वाईट काहीच नाही. पण त्याच निवासाच्या खोल्या झाडणारी, चादरी धुणारी, नाश्त्याला घावणे घालणारी गावातली बाई त्या वर्गाच्या दाराबाहेर उभी असते, आणि तिचे हिमोग्लोबिन कोणी विचारत नाही. किनारा शिबिराची शोभा म्हणून वापरायचा आणि किनाऱ्यावरच्या बाईला शिकवायचे नाही, ही वाटणी मला मान्य नाही. मासळी बाजारात तासन्‌तास बसणारी कोळीण लघवीला जायला स्वच्छ जागा नाही म्हणून पाणीच पीत नाही, आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. तिला शिकवायचे तर वर्ग तिच्या वेळेला हवा, लिलाव आटोपल्यावर, बाजाराच्याच ओट्यावर; आणि त्या वर्गाचा पहिला धडा संपताना बाजारात बायकांसाठी मुतारी हवी अशी मागणी लिहून तयार व्हायला हवी. जिला स्वतःच्या शरीराची गरज कळली, ती नगरपरिषदेशी बोलते. आत्मभान आले की त्याचे पाऊल असे सार्वजनिक जागेत पडते, आणि ज्या शिकवणीतून ते पडत नाही तिच्यात काही तरी राहून गेले आहे असे समजावे.

आरोग्य खात्याचीही यात बाजू आहे. पार्लरवाल्या ताईने पाठवले, असे सांगत आलेल्या बाईकडे डॉक्टरने तुच्छतेने पाहिले तर ती पुन्हा येत नाही, आणि तिला पाठवणारीही पुन्हा कोणाला पाठवत नाही. २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्राने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढून अठरा वर्षांवरील स्त्रियांच्या तपासण्या केल्या. अशा मोहिमांची खबर घरोघर पोचवायला पार्लर हे उत्तम ठिकाण आहे. मात्र आशाताईच्या कामावर या शिक्षिकेने कुरघोडी करू नये. आशाताई तुटपुंज्या मोबदल्यात गावभर फिरते. तिच्या हातात गोळ्या आणि नोंदवही आहे, हिच्या हातात वेळ आणि जिव्हाळा आहे. दोघींनी एकत्र बसून वर्ग घेतला तर ज्ञान आणि गोळी एकाच दिवशी बाईपर्यंत पोचते, आणि विक्रीला जागाच उरत नाही.

पैशांची तजवीजही गावातच आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी हा निधी वर्षअखेरीला शिलाई यंत्रे, खुर्च्या नाही तर हळदीकुंकवाच्या कार्यक्रमावर संपवला जातो. त्या सभेत बायकांनी ठराव मांडावा की या निधीतून वर्षभर दर महिन्याला आरोग्याचा एक वर्ग होईल, शिकवणारीला ठरलेले मानधन रोखीने मिळेल, आशाताई आणि आरोग्य केंद्राची परिचारिका वर्गाला हजर राहतील, वर्गाच्या दिवशीच हिमोग्लोबिन तपासले जाईल, आणि वर्गाच्या जागी कोणत्याही वस्तूची विक्री किंवा नोंदणी होणार नाही. शेवटच्या अटीवर एखादी शिक्षिका नाराज झाली तर सभेने दुसरी शोधावी. ती अट मान्य करणाऱ्या स्त्रिया या किनाऱ्यावर आहेत, आणि त्यांना बोलावण्याचा अधिकार बायकांच्या त्या सभेकडे आज, याच वर्षी आहे.